मागे पडलेले इंजिन पुन्हा उभे करताना : होंडाची सात वर्षे आणि आमच्या मुलांचा प्रश्न

फोंड्याचा मास्तर

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात अभियांत्रिकीच्या मुलांना उष्मागतिकी शिकवतो. आमच्या मुलामुलींचा एक गट विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेसाठी एका आसनाची शर्यतीची गाडी स्वतःच्या हातांनी बांधतो आणि ती कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर घेऊन जातो. गेल्या खेपेला वळणांवर आमची गाडी इतरांच्या बरोबरीने चालली, परंतु सरळ रस्ता लागला की चार सिलिंडरांची इंजिने बसवलेल्या गाड्या तिला सहज मागे टाकत होत्या. परत आल्यावर मुलांनी विचारले की इंजिन बदलायचे की आहे तेच सुधारायचे. मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. फॉर्म्युला वनमध्ये होंडाने २०१५ ते २०२१ या सात हंगामांत काय केले याचा आधी अभ्यास करा, असे सांगितले. त्या अभ्यासातून जे हाती आले ते येथे मांडतो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात, ही विनंती.

२०१४ साली फॉर्म्युला वनचे इंजिनाचे नियम मुळापासून बदलले. २.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन गेले आणि १.६ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, एकच टर्बो (एग्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) असलेले इंजिन आले. त्याच्या जोडीला दोन विद्युत यंत्रे होती. एमजीयू-के हे क्रँकशाफ्टला जोडलेले यंत्र ब्रेक लावताना वीज साठवत असे आणि वेग घेताना १२० किलोवॅटपर्यंत जोर देत असे. एमजीयू-एच हे टर्बोच्याच दांड्यावर बसलेले असे आणि एग्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूंच्या शक्तीतून वीज काढत असे. सर्वांत कडक अट मात्र इंधनाची होती, कारण तासाला १०० किलोपेक्षा अधिक वेगाने इंधन सोडण्यास कोणालाही परवानगी नव्हती.

हा हिशेब मी वर्गात फळ्यावर करून दाखवतो. किलोमागे सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा धरली, तर तासाला १०० किलो म्हणजे साधारण १,२०० किलोवॅट होतात. ही शिदोरी प्रत्येक संघाला सारखीच मिळत असे. ज्याचे इंजिन त्यातील ४० टक्के कामाला लावते त्याच्या पदरी ४८० किलोवॅट पडतात आणि त्यापुढे मिळवलेला प्रत्येक टक्का १२ किलोवॅट, म्हणजे १६ अश्वशक्ती देऊन जातो. मर्सिडीजने २०१७ मध्ये चाचणीमंचावर ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचे जाहीर केले. रस्त्यावरच्या चांगल्या पेट्रोल इंजिनालाही यापासून बरेच दूर थांबावे लागते.

मर्सिडीजची पहिली आघाडी टर्बोच्या मांडणीतून आली. इंग्लंडमधील ब्रिक्सवर्थ येथील त्यांच्या कारखान्याने टर्बोचे दोन भाग एकमेकांपासून दूर केले. हवा दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या टोकाला ठेवला, गरम वायूंवर फिरणारा टर्बाइन मागच्या टोकाला ठेवला आणि दोघांना जोडणारा लांब दांडा सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीतून नेला. त्यामुळे दोन्ही भागांना हवा तेवढा व्यास घेता आला आणि दाबलेली हवा एग्झॉस्टच्या धगीपासून लांब राहिली. २०१४ च्या १९ शर्यतींपैकी १६ त्यांनी जिंकल्या.

होंडा एक वर्ष उशिरा, २०१५ मध्ये, मॅक्लारेनच्या गाडीत आली. गाडीचा मागचा भाग अतिशय निमुळता हवा, असा मॅक्लारेनचा आग्रह होता. ‘साइझ झीरो’ या नावाने तो आराखडा ओळखला गेला. तो पाळण्यासाठी होंडाने कॉम्प्रेसर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीतच बसवला. खोबण जेवढी रुंद, तेवढाच कॉम्प्रेसर. त्या वर्षी मॅक्लारेनला २७ गुण मिळाले आणि संघ नवव्या स्थानावर राहिला. बेल्जियमच्या एकाच शर्यतीत सुटे भाग बदलल्याबद्दल त्यांच्या दोन्ही गाड्यांना मिळून १०५ स्थानांचा दंड झाला. सुझुका ही होंडाच्या मालकीची शर्यतभूमी. तेथेच मॅक्लारेनचा चालक फर्नांडो अलोन्सोने रेडिओवरून या इंजिनाला जीपी२ चे, म्हणजे खालच्या श्रेणीचे इंजिन म्हटले आणि ते जगाने ऐकले. १९८८ मध्ये याच मॅक्लारेन-होंडा जोडीने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या होत्या, हे ज्यांच्या लक्षात होते त्यांना ते ऐकणे किती जड गेले असेल!

माझे मत असे की होंडाचे अभियंते कमी पडले असे म्हणण्याआधी त्यांच्यासमोर ठेवलेली अट पाहिली पाहिजे. कोणत्याही नियमपुस्तकात नसलेली ही अट संघाने स्वतःच स्वतःवर घातली होती. आपणा सर्वांचे काय मत आहे?

आमोण्याचा मिस्त्री

मास्तर, मी फॉर्म्युला वन फारसे पाहत नाही, परंतु टर्बो ओळखतो. खनिज वाहणाऱ्या बार्जवर डिझेल इंजिनांची कामे करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. एकदा एका बार्जचा टर्बो निकामी झाला आणि हवा तो मिळेना, म्हणून मालकाने लहान आकाराचा बसवायला सांगितले. रिकामी बार्ज मुरगावहून आमोण्याकडे येताना इंजिन पूर्वीपेक्षाही चपळ वाटले, कारण लहान चाक लवकर वेग घेते. मालक खूश झाला. दुसऱ्या दिवशी खनिज भरून ओहोटीच्या पाण्यात बार्ज निघाली आणि मांडवीच्या मुखाशी पोहोचेपर्यंत धूर काळा झाला, एग्झॉस्टच्या तापमानाचा काटा चढतच राहिला. शेवटी इंजिनाचा वेग उतरवून कसेबसे बंदर गाठावे लागले. लहान कॉम्प्रेसर एका मर्यादेपर्यंतच हवा देतो, त्यापुढे तो फक्त हवा तापवतो, आणि लहान टर्बाइन इंजिनाचा श्वास मागून कोंडतो. भार आल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही.

माझा प्रश्न एवढाच की एवढ्या मोठ्या कंपनीला हे आधी कळले नसेल का?

फोंड्याचा मास्तर

काका, तुमच्या बार्जचे उदाहरण मी उद्याच वर्गात सांगणार आहे. त्यांना हे नक्कीच कळत होते, परंतु लहान चाक खूप जास्त वेगाने फिरवून उणीव भरून काढता येईल असा त्यांचा कयास होता. नियमांनी एमजीयू-एचला मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांची मर्यादा घातली होती आणि त्या वेगाजवळ पोहोचल्यावर बेअरिंग तापणे, हवा दाबण्याची कार्यक्षमता घसरणे हे सगळे एकदम समोर येते.

पण खरे नुकसान विजेचे झाले आणि तेथे तुमच्या अनुभवात एक भर घालावी लागते. बॅटरीतून एमजीयू-केला एका फेरीत ४ मेगाज्यूलच देता येत होते. १२० किलोवॅटने ती वीज वापरली तर ३३ सेकंदांत संपते. ब्रेकमधून एका फेरीत बॅटरीत २ मेगाज्यूलच भरता येत होते, म्हणजे उरलेली निम्मी वीजही दुसरीकडून आणावी लागे. एमजीयू-एचने काढलेली वीज मात्र थेट एमजीयू-केकडे पाठवण्यास कोणतीही मर्यादा नव्हती. मर्सिडीजचा मोठा टर्बाइन ही वीज सतत पुरवत राहिला. होंडाचा लहान टर्बाइन ती पुरवू शकला नाही, त्यामुळे लांब सरळ रस्त्याच्या मध्यावरच १६० अश्वशक्ती एकाएकी नाहीशी होत असे आणि मागची गाडी बाजूने निघून जात असे. प्रेक्षकांना वाटे की इंजिनात दम नाही. प्रत्यक्षात खोबणीत मावेल एवढाच टर्बो घेतल्याची ती किंमत होती.

सत्तरीची लेक

सर, मी याच गटात आहे. इंजिनाचे काम माझ्याकडे असते. मी एक वेगळा मुद्दा मांडते. चूक कळली तरी ती दुरुस्त करायला त्या काळच्या नियमांनी वाव कितीसा दिला? खर्च आटोक्यात राहावा म्हणून इंजिनाच्या प्रत्येक भागाला वजन देऊन एकूण ६६ टोकन, म्हणजे बदल करण्याचे परवाने, ठरवली होती आणि २०१५ साठी जुन्या निर्मात्यांना त्यांपैकी ३२ वापरण्याची मुभा होती. होंडा नवीन असल्याने तिला हंगामात फक्त ९ टोकन मिळाली. ज्याचे घर पक्के उभे आहे त्याला ३२ खोल्या बदलता येतात आणि ज्याचा पायाच खचला आहे त्याला नऊच, हे मला न्याय्य वाटले नाही. २०१६ मध्ये त्यांनी टर्बाइन मोठा केला, वीज पुरू लागली आणि मॅक्लारेन ७६ गुणांसह सहाव्या स्थानावर आली. पण कॉम्प्रेसर खोबणीतच होता, म्हणून ती सुधारणा तेथेच अडली. टोकनची पद्धत २०१७ मध्ये रद्द झाल्यावरच त्यांना नवी मांडणी करता आली.

आणि सर, जे मी तुम्हाला कार्यशाळेत सांगायला कचरत होते ते येथे लिहिते. गेल्या वर्षी आम्हीही हेच केले. गाडीचा सांगाडा आधी ठरवला, चालकाच्या पाठीमागे जेवढी जागा उरली तेवढ्यात हवेचा डबा, म्हणजे प्लेनम बसवला. तो एक लिटरही भरला नाही. सांगाड्याच्या गटाशी भांडण नको म्हणून मी गप्प राहिले. ‘साइझ झीरो’विषयी वाचताना मला त्या बैठकीचीच आठवण होत होती.

म्हापसेकर

मास्तरांचे विवेचन आवडले, तरी मला त्यात एक बाजू हलकी वाटते. अट मॅक्लारेनची होती हे खरे, पण ती स्वीकारून आपण हे करून दाखवू असा शब्द होंडाने दिला होता. शिवाय २०१७ चे काय? तेव्हा टोकन नव्हती, साइझ झीरो नव्हते, मर्सिडीजसारखी विभागलेली मांडणीही त्यांनी उचलली, आणि तरीही तो हंगाम पहिल्यापेक्षा वाईट वाटला. बार्सिलोनाच्या चाचणीत तेलाच्या टाकीचा दोष निघाला, नंतर कंपनांनी गाडी हैराण झाली, बहारीनमध्ये स्टॉफेल वँडोर्नला शर्यत सुरूही करता आली नाही. वर्षाअखेर ३० गुण आणि पुन्हा नववे स्थान. सप्टेंबरमध्ये सिंगापूरला दोघांनी वेगळे होत असल्याचे जाहीर केले. बलवान स्पर्धकाची मांडणी उचलली म्हणजे बरोबरी झाली असे होत नाही, हे त्या वर्षाने दाखवले.

दुसऱ्या बाजूने हेही सांगतो की मॅक्लारेनच्या सगळ्या तक्रारी खऱ्या नव्हत्या. २०१८ मध्ये त्यांनी रेनोचे इंजिन घेतले, तरी ६२ गुणांसह सहावे स्थानच मिळाले. त्याच वर्षी होंडाचे इंजिन टोरो रोसो या लहान संघाकडे गेले आणि बहारीनमध्ये पिएर गॅस्ली चौथा आला. परतल्यापासूनचा होंडाचा तो सर्वांत चांगला निकाल होता. तेव्हा मॅक्लारेनने सगळा दोष इंजिनावर ढकलला होता, हे मला आजही पटत नाही.

फोंड्याचा मास्तर

म्हापसेकर, २०१७ विषयी तुमचे म्हणणे मान्य आहे. मी ते वर्ष घाईने ओलांडत होतो. परंतु त्या वर्षाकडे मी अपयश म्हणून पाहत नाही. आपण एखादे घर पाडून नव्या पायावर बांधतो तेव्हा पहिल्या पावसाळ्यात ते गळतेच. तेलाच्या टाकीचा दोष चाचणीमंचावर सापडला नव्हता, कारण मंचावर इंजिन स्थिर असते आणि वळणावर गाडी जोरात खेचली गेल्यावर तेल टाकीत कसे हेलकावते हे तेथे कळत नाही. कंपनांचेही तसेच. मंचावर इंजिनाच्या पुढे पक्का दांडा आणि जड यंत्र असते. गाडीत त्याच इंजिनाला गिअरबॉक्स, पातळ दांडे आणि टायर जोडलेले असतात, आणि त्या सगळ्यांची मिळून थरथरण्याची स्वतःची लय असते. इंजिनाची लय तिच्याशी जुळली की झटके वाढतच जातात.

ज्या गोष्टी नव्या मांडणीमुळे साध्य झाल्या त्याही सांगायला हव्यात. सिलिंडरातील ज्वलनाची पद्धत तेव्हाच बदलत होती. ठिणगी एका लहान कक्षात पाडायची आणि तेथून निघालेल्या ज्वाळांच्या धारांनी मुख्य कक्षातील पातळ मिश्रण एकाच वेळी अनेक ठिकाणी पेटवायचे, ही ती युक्ती. नेहमीच्या स्पार्क प्लगने इतके पातळ मिश्रण नीट पेटत नाही. इंधन मोजून मिळत असताना जास्त हवेत थोडे इंधन जाळता येणे म्हणजे थेट कार्यक्षमता वाढणे. मात्र जास्त हवा हवी तर मोठा कॉम्प्रेसर हवा. खोबणीतला कॉम्प्रेसर ठेवून हे ज्वलन साधले नसते. एक अडसर काढल्याशिवाय दुसऱ्याकडे जाताच येत नव्हते.

फेरारीचे उदाहरण येथे थोडक्यात देतो. त्यांनीही २०१४ मध्ये गाडीच्या आकारासाठी टर्बाइन लहान ठेवला होता आणि त्या वर्षी एकही शर्यत जिंकली नाही. २०१५ मध्ये इंजिन सुधारून तीन जिंकल्या, आणि त्यासाठी मर्सिडीजची विभागलेली मांडणी उचलली नाही.

आमोण्याचा मिस्त्री

लांब दांड्याचे काय झाले, हे कोणीच सांगितले नाही. कॉम्प्रेसर पुढे आणि टर्बाइन मागे, मध्ये विद्युत यंत्र, आणि मिनिटाला लाखावर फेऱ्या. आमच्याकडे हजार-बाराशे फेऱ्यांच्या दांड्याची रेषा केसभर चुकली तर बेअरिंग महिनाभरात जाते. जेवढा दांडा लांब तेवढा तो मध्ये फुगून दोरीच्या उडीसारखा फिरू पाहतो. मर्सिडीजची मांडणी कागदावर कोणीही काढेल, पण तो दांडा टिकवणे ही खरी कला आहे.

फोंड्याचा मास्तर

काका, नेमके तेथेच होंडा अडकली होती. एमजीयू-एच वारंवार निकामी होत होते आणि त्याचे मूळ त्या दांड्यात आणि बेअरिंगांत होते. तोडगा शर्यतीच्या विभागात मिळाला नाही. होंडा लहान जेट विमान बनवते आणि त्याचे इंजिनही जनरल इलेक्ट्रिकच्या साथीने बनवते. विमानाच्या इंजिनाचे अभियंते लांब दांडे प्रचंड वेगाने फिरवण्याचा हिशेब रोज करत असतात, त्यांना मदतीला घेतले आणि हे यंत्र टिकू लागले. पुढे टर्बोच्या पात्यांचा आकारही त्यांच्या अनुभवातून सुधारला आणि तो २०१९ मध्ये फ्रान्सच्या शर्यतीच्या वेळी गाडीत आला.

लगेच पुढची शर्यत ऑस्ट्रियाची होती. ती शर्यतभूमी समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असते, चोर्ला घाटात भरलेला ट्रक चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तेवढीच हवा गोळा करण्यासाठी टर्बोला जास्त फिरावे लागते, म्हणून चांगल्या टर्बोचा फायदा तेथे उठून दिसतो. ३० जून २०१९ रोजी, त्या वर्षापासून होंडाचे इंजिन वापरणाऱ्या रेड बुल संघाच्या गाडीतून मॅक्स व्हर्स्टापेन तेथे जिंकला. २००६ मध्ये हंगेरीत जेन्सन बटन जिंकला होता, त्यानंतरचा होंडाचा हा पहिला विजय.

म्हापसेकरांना आणखी एक सांगावेसे वाटते. २०१८ मध्ये टोरो रोसोकडे असताना होंडाने हंगामाच्या उत्तरार्धात इंजिनाची नवी आवृत्ती आणली आणि सुझुकाला त्या संघाच्या दोन गाड्या सहाव्या व सातव्या क्रमांकावरून सुटल्या. ज्या जागी तीन वर्षांपूर्वी तो रेडिओचा संदेश ऐकला होता, तीच ही जागा.

वेर्णा धातुकाम

हा धागा सुरुवातीपासून वाचत आहे. माझे काम वेर्ण्याला धातूवर मुलामा चढवण्याचे आहे, म्हणून एका गोष्टीकडे सर्वांचे लक्ष वेधते. ‘होंडाने लहान इंजिन बनवले ही चूक होती’ असा समज येथे होत चालला आहे. तो पुरता बरोबर नाही, कारण शेवटी जिंकलेले इंजिनही लहानच होते.

होंडाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले की २०२१ च्या अखेरीस ती फॉर्म्युला वन सोडणार. २०२२ साठी आखलेले नवे इंजिन आता कधीच धावणार नव्हते. संशोधन केंद्राचे प्रमुख यासुआकी असाकी यांनी ते एक वर्ष आधी आणण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. या इंजिनात सिलिंडर एकमेकांच्या जवळ आणले, वरचे कॅमशाफ्ट खाली उतरवले, झडपांचे कोन बदलले. इंजिन आखूड आणि ठेंगणे झाले, गुरुत्वमध्य खाली आला आणि गाडीच्या मागच्या भागाला मोकळी जागा मिळाली. म्हणजे मॅक्लारेनने २०१५ मध्ये जे मागितले होते, त्यातले बरेच काही रेड बुलला २०२१ मध्ये मिळाले.

फरक कोठे पडला? दोन सिलिंडर जवळ आणले की मधली भिंत पातळ होते आणि तेथेच उष्णता सर्वांत जास्त असते. सिलिंडरात वेगळी नळी, म्हणजे लायनर, बसवायला जागा उरत नाही. कुमामोतो येथील होंडाच्या मोटारसायकलच्या कारखान्यात सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर थेट मुलामा चढवण्याचे जे तंत्र मुरलेले होते, ते येथे उपयोगी पडले. मुलामा मिलिमीटरच्या अंशात असतो, तो घर्षण कमी करतो आणि पिस्टनच्या कड्यांनी खरवडला जात नाही, पण तो सोलवटला तर इंजिन गेले. त्यासाठी पृष्ठभागाची तयारी, द्रवाचे तापमान, विजेचा दाब या सगळ्यांवर हात बसलेला लागतो. तो हात २०१५ मध्ये शर्यतीच्या विभागाकडे नव्हता. दुचाकी बनवणाऱ्या सहकाऱ्यांकडे तो कितीतरी वर्षांपासून होता, फक्त कोणी विचारायला गेले नव्हते. २०१५ मध्ये जागा लहान केली ती गाडीच्या आकाराने दडपून, आणि २०२१ मध्ये लहान केली ती आतल्या प्रत्येक भागाला लहान होण्याची ताकद देऊन. आमच्या कामात या दोन गोष्टींमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

असाकी यांच्याविषयी एक गोष्ट मला फार आवडते. त्याआधी त्यांनी होंडाच्या एन-बॉक्स या ६६० सीसीच्या लहान घरगुती गाडीचा विकास केला होता. थोड्या जागेत सगळे बसवण्याची सवय असलेला माणूस येथे प्रमुख होता.

म्हापसेकर

ताई, हे वाचून माझे मत बदलले असे प्रांजळपणे सांगतो. १२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबीला व्हर्स्टापेन विश्वविजेता झाला, ती शर्यत मी घरच्यांसोबत पाहिली होती आणि शेवटच्या फेरीवरच्या वादातच आजवर अडकून होतो. त्या गाडीतले इंजिन एक वर्ष लवकर जन्माला आलेले होते, हे कधी लक्षातच आले नाही.

सत्तरीची लेक

सर, काका, ताई, आता आमच्या इंजिनाकडे येते. कालच्या बैठकीत मी हिशेब मांडला, तो तपासून द्यावा.

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गळ्यातून जावी लागते. त्या गळ्यात हवेने ध्वनीचा वेग गाठला की त्यापुढे कितीही ओढले तरी जास्त हवा येत नाही आणि ती मर्यादा सेकंदाला ७० ते ७५ ग्रॅमच्या आसपास पडते. चार सिलिंडरांचे ६०० सीसीचे इंजिन मिनिटाला १२,००० फेऱ्यांना जवळपास तेवढीच हवा मागते, म्हणजे ते प्रतिस्पर्धी छताला टेकले आहेत. आमचे एका सिलिंडरचे ३७३ सीसीचे इंजिन ९,००० फेऱ्यांना सरासरी ३३ ग्रॅमच मागते. आम्ही छताच्या निम्म्यावरही नाही. पण एकच सिलिंडर पिस्टनच्या चार धावांपैकी एकाच धावेत श्वास घेतो, त्यामुळे त्या क्षणाची मागणी सरासरीच्या चौपट, १३० ग्रॅमच्या वर जाते आणि गळा तेवढ्यापुरता कोंडतो. उरलेल्या तीन धावांत गळा मोकळा असूनही प्लेनम लहान असल्याने हवा साठत नाही. गेल्या वर्षीच्या ९०० घनसेंटिमीटरच्या प्लेनममधून ३७३ घनसेंटिमीटरचा घोट घेतला की दाब जवळपास २९ टक्क्यांनी खाली येतो. तोच प्लेनम तीन लिटरचा केला तर घट ११ टक्क्यांच्या आसपास राहते. तीन धावांत भरून निघणारी हवा जमेला धरली तर चित्र आणखी चांगले होईल.

म्हणून मी इंजिन न बदलण्याच्या बाजूने मत दिले. चार सिलिंडरांचे इंजिन जड आहे आणि वळणांवर आमची गाडी चांगली चालते, ती बाजू घालवायची नाही. या वेळी आधी प्लेनम आणि गळ्यापुढचा रुंदावत जाणारा शंकू आखायचा आणि मग त्याभोवती सांगाडा बांधायचा, असे ठरले. सांगाड्याच्या गटाने मागची एक नळी ४० मिलिमीटर मागे घ्यायला होकार दिला.

फोंड्याचा मास्तर

हिशेब बरोबर आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. दाबाची घट तू हवेचे तापमान स्थिर धरून काढली आहेस. एवढ्या वेगात हवेला उष्णता घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून प्रत्यक्ष घट थोडी जास्त येईल. दुसरे म्हणजे तीन लिटरवर थेट जाऊ नकोस. प्लेनम मोठा झाला की पॅडल दाबल्यावर तो भरेपर्यंत इंजिन उशिरा उत्तर देते आणि आपल्या गाडीचे बळ वळणातून बाहेर पडताना आहे. दोन, अडीच आणि तीन लिटरचे डबे पत्र्याचे करून मंचावर तिन्ही चालवून पाहा, आणि त्यानंतर गाडीत बसवून मैदानावरही पाहा, कारण मंचावरचे तेल हलत नाही.

आमोण्याचा मिस्त्री

पत्र्याचे डबे मी वाकवून आणि वेल्डिंग करून देतो, त्यासाठी बाहेर खर्च करू नका. मुली, प्रत्येक डब्याला दाबमापक लावण्यासाठी एक आटे पाडलेले छिद्र ठेवायचे आहे, त्याची जागा चित्रात दाखवून पाठव. शंकूचा पसरट कोन सात अंशांहून जास्त ठेवू नकोस, नाहीतर हवा भिंत सोडते. चवथ झाली की पहिल्या रविवारी माझे मापक घेऊन तुमच्या शेडवर येतो.